मापात पाप आणि पिंपातली वाइन

नोव्हेंबर १३६४. लंडनच्या महापौरांपुढे जॉन पेनरोझ नावाचा एक वाइनविक्या उभा करण्यात आला. त्यानं नासलेली, पोटाला अपाय करणारी तांबडी वाइन गिऱ्हाइकांना विकली, असा आरोप होता. आरोप शाबीत झाला. शिक्षा अशी ठरली की त्यानं आपल्याच वाइनचा एक मोठा घोट सगळ्यांसमोर प्यायचा, उरलेली वाइन त्याच्या डोक्यावर ओतायची आणि यापुढे लंडन शहरात त्यानं हा धंदा करायचा नाही. राजानं कृपा केली तरच त्याला पुन्हा दुकान मांडता येणार होतं. पाच वर्षांनी तिसऱ्या एडवर्ड राजानं ती कृपा केलीही.

ही हकिकत गमतीदार किस्सा म्हणून बऱ्याचदा सांगितली जाते. पण ज्या कायद्याखाली पेनरोझला ही शिक्षा झाली तो कायदा बराच विचार करून केलेला होता. आपल्याकडे दारूचा कायदा म्हटलं की १९४९ चा दारूबंदी कायदा, पिण्याचा परवाना आणि ड्राय डे आठवतात. पिणाऱ्याला आवर कसा घालायचा, हा त्या सगळ्यामागचा प्रश्न. चर्चच्या छायेत जगणाऱ्या मध्ययुगीन युरोपात तर हा आवर अधिकच कडक असणार, असं आपण धरून चालतो. लंडनची जुनी दफ्तरं उघडली की मात्र दुसरंच चित्र दिसतं. भाव, माप, पिंप, तळघराचं दार यांवर पानंच्या पानं भरली आहेत. माणसानं किती प्यावं यावर जवळपास काहीच नाही.

मुळात एवढी वाइन लंडनमध्ये आली कुठून? इंग्लंडात द्राक्षं फारशी पिकत नाहीत. ११५२ मध्ये अ‍ॅक्विटेनच्या एलेनॉरनं हेन्रीशी लग्न केलं, दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला, आणि फ्रान्सच्या नैर्ऋत्येचा मोठा मुलूख इंग्रजांच्या गादीला जोडला गेला. बोर्दो बंदर त्याच मुलखात. तिथून वर्षातून दोनदा जहाजांचा ताफा निघायचा. शरद ऋतूतला ताफा त्या हंगामाची कोवळी वाइन आणायचा, वसंतातला ताफा गाळावरून काढलेली, जरा स्थिरावलेली वाइन आणायचा. माल मोजायचा तो मोठ्या पिंपांत; एका पिंपात २५२ गॅलन, म्हणजे नऊशे ते साडेनऊशे लिटर. १३०८-०९ या एका वर्षात बोर्दोहून अशी एक लाखाहून अधिक पिंपं बाहेर पडल्याची नोंद आहे. हिशेब केला तर ही वाइन नऊ कोटी लिटरच्या घरात जाते आणि तिचा मोठा वाटा इंग्लंडकडे येत होता. राजाचा हक्क बंदरातच वसूल व्हायचा. वीस किंवा अधिक पिंपांचं जहाज असेल तर डोलकाठीच्या पुढचं एक आणि मागचं एक अशी दोन पिंपं राजाची. पुढची आणि मागची असं का? जहाजाच्या एकाच भागात रद्दी माल रचून तोच राजाच्या माथी मारता येऊ नये, असा त्याचा अर्थ मला लागतो.

आता या वाइनबद्दल एक गोष्ट लक्षात घेतली नाही तर पुढचे कायदे कळायचे नाहीत. काचेची बाटली आणि घट्ट बसणारं बूच हे पुढच्या काळातलं प्रकरण. जुनी वाइन म्हणजे चांगली आणि महाग, ही समजूतही त्यानंतरची. पिंपातली वाइन हा आजच्या दुधासारखा नाशवंत माल होता. पिंपाला तोटी लावली की वाइन जसजशी उतरते तसतशी आत हवा शिरते, हवेच्या जोरावर जिवाणू वाढतात आणि मद्यार्काचं आंबट आम्ल होतं. काही आठवड्यांत पिंपातल्या मालाचा व्हिनेगर होऊ लागतो. म्हणून नवी वाइन महाग आणि गेल्या हंगामातली स्वस्त. शरदाचा ताफा बंदराला लागला त्या दिवशी विक्रेत्याच्या तळघरात जे अर्धं-पाऊण पिंप उरलेलं असेल, त्याचं करायचं काय? फेकून द्यावं तर नुकसान. नव्यात मिसळलं तर कुणाला कळतंय! त्या काळातल्या वाइनच्या फसवणुकीचं मूळ या एका मोहात होतं आणि कायद्यानं नेम धरला तोही इथेच.

१३३० च्या इंग्रजी कायद्यानुसार प्रत्येक शहरात वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरच्या सेंट मायकेलच्या सणाला, वाइनची तपासणी करायची होती. नासलेली निघाली तर ओतून द्यायची आणि पिंपंही फोडून टाकायची. पिंप फोडण्यातला व्यवहार मोठा चोख आहे. नासक्या वाइनचं पिंप तसंच राहिलं तर त्यात नवी भरली जाणार आणि तीही लवकर आंबणार. शिवाय पिंप ही चांगली महागाची वस्तू, तेव्हा दंड वसूल करायला वेगळा कारकून लागत नाही.

लंडन शहराचे स्वतःचे नियम याहून बारीक होते. १४१९ मध्ये शहराचा कारकून जॉन कार्पेंटर यानं शहराचे कायदे आणि रिवाज एका जाड ग्रंथात एकत्र केले. ‘लिबेर अल्बुस’, म्हणजे पांढरा ग्रंथ, हे त्याचं नाव. त्यातले आणि त्या शतकातल्या जाहीरनाम्यांतले वाइनचे नियम वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ते दुकानच उभं राहतं. वर रस्त्याच्या पातळीवर बाकं, खाली उतरणाऱ्या पायऱ्या, पायऱ्यांच्या तोंडाशी दार, आत अंधारात ओळीनं मांडलेली पिंपं. गिऱ्हाईक वर बसतं, पोऱ्या सुरई घेऊन खाली जातो आणि भरून आणतो. पोऱ्यानं नेमकी कुठल्या पिंपाची तोटी फिरवली, हे वर बसलेल्याला कसं कळावं? म्हणून नियम झाला की तळघराचं दार उघडं ठेवायचं, त्यापुढे कापड किंवा पडदा लावायचा नाही आणि आपली वाइन कुठल्या पिंपातून निघते, भांडं स्वच्छ आहे की नाही, हे पाहण्याचा गिऱ्हाइकाला हक्क राहील. पडद्याची बंदी मुद्दाम लिहून काढावी लागली, याचा अर्थ दुकानदार पडदे लावत होते.

मिसळ होऊ नये म्हणून आणखी एक युक्ती होती. ऱ्हाइन नदीच्या काठची वाइन आणि बोर्दोकडची वाइन एकाच तळघरात ठेवायला मनाई. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या गोड वाइनचं दुकान तर वेगळंच हवं. १३६५ मध्ये साऱ्या लंडनसाठी गोड वाइनची फक्त तीन दुकानं ठरवून देण्यात आली: एक चीपसाइडच्या बाजारात, एक वॉलब्रुकला, एक लोम्बार्ड स्ट्रीटला. शेजारी ठेवलीच नाहीत तर एकात दुसरी मिसळायची कशी, हा सरळ हिशेब.

अर्थात मिसळणारे मिसळतच होते. १४१९ मध्येच विल्यम होरोल्ड नावाच्या पिंप बनवणाऱ्याला खोड्यात उभं केलं गेलं. स्पेनची जुनी, निस्तेज झालेली वाइन घेऊन त्यानं तिच्यात सुवासिक पूड वगैरे घातली आणि ‘रोमनी’ या महागड्या गोड वाइनसारखा वास-चव आणून ती खपवायचा घाट घातला. या होरोल्डचा धंदा लक्षात घेण्यासारखा आहे. तो वाइनविक्या नव्हता. पण पिंप उघडायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा मिटवायचं हे कसब त्याचं, त्यामुळे भेसळीला त्याच्याइतकं सोयीचं ठिकाण दुसरं नाही. पुढे १४२७ मध्ये इटालियन व्यापाऱ्यांनी गोड वाइनमध्ये भेसळ केल्याचं उघडकीला आलं तेव्हा महापौर जॉन रेनवेल यांनी दीडशे पिंपं भर रस्त्यात फोडायला लावली. वाइन गटारांतून ओढ्यासारखी वाहिल्याचं आणि तिची दुर्गंधी सुटल्याचं वर्णन लंडनचा इतिहासकार जॉन स्टो यानं करून ठेवलं आहे.

खोड्याबद्दल एक खुलासा. हा आडवा, पाय अडकवणारा खोडा नव्हे. उंच चौथऱ्यावर उभ्या खांबाला जोडलेली फळी असायची, तिच्या भोकांत मान आणि दोन्ही मनगटं अडकवायची. जागा भर बाजारात. ज्या गिऱ्हाइकांना फसवलं त्यांच्याच डोळ्यांसमोर तासभर उभं राहायचं, आणि शक्य असेल तिथे गुन्ह्याची वस्तू शेजारी मांडायची किंवा जाळायची. ज्या वर्षी पेनरोझच्या डोक्यावर वाइन ओतली गेली, त्याच १३६४ मध्ये अ‍ॅलिस द कॉस्टन नावाच्या एल विकणाऱ्या बाईलाही बायकांच्या खोड्यात उभं केलं गेलं. एल म्हणजे जवाच्या माल्टची बिअर. तेव्हा तीत हॉप्स नसत. या बाईनं एक क्वार्टाचं माप घेऊन त्याच्या तळाशी दीड इंच डांबर थापलं होतं आणि वरून रोझमेरीची पानं पसरली होती. पाहणाऱ्याला वाटावं, वासासाठी टाकली असतील. चार क्वार्टांचा गॅलन व्हायला हवा. तिच्या मापाची सहा भरली तरी गॅलन भरत नव्हता. आपल्याकडे मापात पाप म्हणतात ते असं साक्षात तळाशी थापलेलं सापडलं. माप उभं चिरलं, अर्धं खोड्याजवळ टांगलं आणि उरलेलं अर्धं शहराच्या कचेरीत पुरावा म्हणून जपून ठेवलं.

भावाचं प्रकरण मात्र कायद्याला कधीच नीट जमलं नाही. ११९९ मध्ये जॉन राजानं गादीवर येताच वाइनचे भाव बांधून दिले. पिंपाला इतकं, गॅलनला इतकं, तांबडीला चार पेन्स, पांढरीला सहा; आणि नजर ठेवायला प्रत्येक शहरात बारा शपथबद्ध माणसं. व्यापारी म्हणाले, या भावात आम्हाला परवडत नाही. थोड्याच दिवसांत तांबडी सहा आणि पांढरी आठ पेन्सांवर गेली. रॉजर ऑफ हाउडन हा समकालीन बखरकार या सवलतीमुळे देश दारूनं आणि दारुड्यांनी भरून गेला म्हणून कुरकुरतो. पुढची दोन-अडीचशे वर्षं हाच खेळ चालला. राजा भाव बांधणार, समुद्रात लढाई पेटणार, जहाजांना संरक्षण देण्याचा खर्च वाढणार आणि भाव मोडणार. १३३७ पासून फ्रान्सशी जुंपलेल्या लढाईनं बोर्दोच्या मळ्यांची आणि सागरी वाटेची दैना केली. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला गॅलनभर वाइन साधारण तीन-चार पेन्सांना मिळायची. शतक संपता संपता तिची किंमत दुपटीच्या आसपास गेली. सुरुवातीचा भावसुद्धा साध्या मजुराची दिवसाची कमाई खाऊन टाकणारा होता. गरिबानं एल प्यायची आणि वाइन खात्यापित्या घरच्यांनी, ही विभागणी कुठल्याही कायद्यात लिहावी लागली नाही.

पॅरिसनं भावाच्या प्रश्नावर शोधलेला उपाय मला जास्त हुशारीचा वाटतो. तिथे वाइनचे दवंडीवाले होते. एका हातात वाइनचा पेला घेऊन रस्त्यानं ओरडत जायचं, अमुक दुकानात अमुक भावानं वाइन सुरू आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना चव द्यायची. इथपर्यंत ही जाहिरातच झाली. पण १२६८ च्या सुमारास पॅरिसचा प्रमुख अधिकारी एत्येन ब्वालो यानं शहरातल्या धंद्यांचे नियम संकलित केले, त्यात दवंडीवाल्याचे अधिकार पाहिले की खरा डाव कळतो. ज्या दुकानात दवंडीवाला नेमलेला नाही तिथे तो हक्कानं शिरू शकत असे. मालकाला नको असलं तरी त्याला नाही म्हणता येत नसे. आत बसून पिणाऱ्यांना तो विचारायचा, तुम्हाला काय भावानं दिली? आणि तोच भाव रस्त्यावर जाऊन ओरडायचा. रोजची मजुरी दुकानदारानंच द्यायची. म्हणजे एका माणसात जाहिरातदार, निरीक्षक आणि शहराचा खबऱ्या असे तिघे सामावले होते, आणि पगार ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच खिशातून. शहराच्या तिजोरीचा एक पैसा खर्च नाही! राजानं मात्र स्वतःची सोय करून घेतली होती. राजाच्या मळ्यांतली वाइन विकायला निघाली की बाकी सगळी दुकानं बंद आणि शहरातले सगळे दवंडीवाले फक्त राजाच्या वाइनची दवंडी देत फिरणार.

लंडनच्या कायद्याची लंगडी बाजू इथेच दिसते. नियम चोख, पण तो राबवणारे कोण? महापौर आणि आल्डरमन, म्हणजे शहराचे नगरपिते. आणि हे महापौर कोण? चौदाव्या शतकात त्यांतले बरेच जण वाइनचेच घाऊक व्यापारी होते. १३५६ मध्ये निवडून आलेले हेन्री पिकार्ड वाइनवाले, त्यांच्यानंतर आलेले जॉन स्टोडी हेही वाइनवाले. हा धोका कुणाच्या लक्षात आला नव्हता असं नाही. १३१८ मध्ये यॉर्कच्या संसदेनं कायदा केला होता की शहरात खाण्यापिण्याच्या वस्तूंचे भाव ज्याच्या अखत्यारीत आहेत त्या अधिकाऱ्यानं पदावर असेपर्यंत वाइन वा खाद्यवस्तू विकू नयेत. कागदावर उत्तम. व्यवहारात, ज्याच्याकडे पैसा तोच महापौर, आणि पैसा होता वाइनमध्ये. १३६३ मध्ये तिसऱ्या एडवर्डनं लंडनच्या वाइन व्यापाऱ्यांच्या संघाला सनद दिली आणि बोर्दोकडच्या वाइनचा व्यापार त्यांच्या हाती सोपवला. दुकानांवर देखरेख ठेवणारे चौघेही त्यांनीच निवडायचे. पेनरोझची चौकशी झाली ती बरोबर पुढच्या वर्षी. संघाला नव्यानं मिळालेला अधिकार दाखवून द्यायचा होता, म्हणून एका किरकोळ विक्रेत्याचा जाहीर बळी दिला गेला, अशी शंका मला येते. तो निर्दोष होता असं मी म्हणत नाही. पण डोक्यावर वाइन ओतून घेणाऱ्यांत एखादा माजी महापौर दिसत नाही, हेही खरं.

एलच्या बाबतीत कायद्याचा व्यवहार आणखी वेगळा झाला. १२६६ च्या सुमाराचा पाव आणि एल यांचा कायदा सबंध इंग्लंडला लागू होता. धान्याचा भाव पाहून एलचा भाव ठरवायचा. जवाची पायली इतक्याला असेल तर शहरात एका पेनीला दोन गॅलन, खेड्यात तीन किंवा चार. एल घराघरांत बनायची आणि बनवणाऱ्या बहुतेक बायका. ती टिकायची जेमतेम आठवडाभर, म्हणून आज या घरी पिंप उघडलं, उद्या त्या घरी. पिंप तयार झालं की दाराबाहेर काठीला पानांची जुडी बांधायची. ती पाहून शहरानं नेमलेला चाखणारा यायचा, चव घ्यायचा, भाव मंजूर करायचा. नाटककार शेक्सपिअरचे वडील स्ट्रॅटफर्डमध्ये १५५६ साली अशाच चाखणाऱ्याच्या पदावर होते. पण गावोगावच्या न्यायालयांच्या वह्या पाहिल्या तर त्याच त्या बायका दर खेपेला थोडाथोडा दंड भरताना दिसतात आणि धंदा चालूच ठेवतात. दंड हा नावालाच दंड, प्रत्यक्षात तो परवान्याचा हप्ता झाला होता. लंडनमध्ये या काठ्याही वाढत वाढत इतक्या लांब झाल्या की घोडेस्वारांच्या डोक्याला लागू लागल्या आणि त्यांच्या वजनानं घरांच्या भिंती खिळखिळ्या होऊ लागल्या. १३७५ मध्ये हुकूम निघाला की काठी रस्त्यावर सात फुटांहून जास्त बाहेर येता कामा नये. आली तर चाळीस पेन्स दंड.

मग पिणाऱ्यावर बंधन काहीच नव्हतं? एक होतं, घड्याळाचं. १२८५ मध्ये पहिल्या एडवर्डनं लंडनचा कारभार स्वतःच्या हाती घेतला तेव्हाच्या नियमांत, रात्रीची घंटा झाल्यावर वाइनचं वा एलचं दुकान उघडं ठेवायचं नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. कारणही दिलं आहे: रात्री गुंड आणि चोर अशा दुकानांत दबा धरून बसतात. काळजी होती ती अंधाऱ्या गल्ल्यांची. संध्याकाळी घंटेआधी कुणी कितीही ढोसली आणि गुपचूप घरी गेला, तर शहराची त्याच्याविरुद्ध तक्रार नव्हती. अतिमद्यपान हे पाप होतं, पण ते खादाडपणाच्या पापात मोडायचं आणि त्याचा हिशेब पाद्र्यापुढे कबुलीजबाबात व्हायचा. शहरानं आपल्याकडे घेतलं ते पिंप, माप, भाव आणि रात्र.

ही वाटणी पुढे मोडली. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेनं कबुलीजबाबाची जुनी व्यवस्था उखडली, गरिबी वाढली आणि एलच्या गुत्त्यांत जमणाऱ्या बेकार माणसांची राज्यकर्त्यांना धास्ती वाटू लागली. १५५२ मध्ये एलचा गुत्ता चालवायला परवाना सक्तीचा झाला. आणि १६०६ मध्ये, पहिल्या जेम्सच्या कारकिर्दीत, इंग्लंडच्या संसदेनं झिंगणं हाच देशभर गुन्हा ठरवला. दंड पाच शिलिंग. ऐपत नसेल तर सहा तास पाय अडकवणाऱ्या आडव्या खोड्यात. पेनरोझच्या काळात उंच खोड्यात विकणारा उभा राहायचा, आता आडव्या खोड्यात पिणारा बसू लागला.